नऊचा पत्रा

बर्बिसच्या किनाऱ्यावर जमीन समुद्राहून खाली आहे,
हे आधी सांगायला हवं.
भरती चढली की गावाबाहेरचा लाकडी दरवाजा पाडायचा,
ओहोटीला उचलायचा, चरांतलं पाणी बाहेर सोडायचं.
कोकर म्हणतात त्याला.
लेनॉक्स ग्रिमंड गेली तीस वर्षं तो दरवाजा सांभाळतो.
गावाला त्याचं नाव आठवतं
ते फक्त पाणी घरात आलं तर. येत नाही.

ऊस जाळायचे दिवस होते.
मैदानावर काळी राख भुरभुरायची, पांढऱ्या सदऱ्यांवर बसायची,
झटकली की आणखी पसरायची.
मी बारा वर्षांचा, बिस्नॉथ सुताराचा धाकटा,
धावफलकामागे शिडीवर.
खिळ्यांना पत्र्याचे आकडे अडकवायचे,
दिवसाला दोन नारळ आणि मॅच फुकट.
फुकट कसली? फळ्यांच्या फटीतून दिसायचा
एक क्षेत्ररक्षक आणि कुणाची तरी बांधलेली गाय.

रॉयस्टन ॲडोनिस मी कानांनीच पाहिला.
आधी लाकडाचा आवाज, मग माणसांचा लोट,
मग रमचा रिकामा डबा कुणीतरी बडवायचं.
ग्रिमंडच्या धावा नुसत्या व्हायच्या.
खालून मास्तर सांगायचे, "दोन नंबर, एक वाढव,"
मी वाढवायचो.
सकाळी नवा चेंडू त्याने अंगावर घेतला,
बरगडीवर, मांडीवर, एकदा कानशिलाशी.
त्यासाठी माझ्याकडे पत्रा नव्हता.

आता त्या दुपारचं.
सहा आणि नऊ मिळून पत्रे चारच होते आमच्याकडे,
उलटे टांगले की एकमेकांचे.
एकूण धावा एकशे सहासष्ट: दोन गेले.
रॉयस्टन नव्याण्णव: दोन गेले.
तेवढ्यात खालून, "दोन नंबर, एकोणचाळीस."
मी पेटी उपसली. आठ होते, पाच होते,
गंजलेला एक सात होता.
शेवटी तीन टांगला आणि शेजारचा खिळा मोकळा सोडला.
अख्ख्या मैदानाला वाटलं असेल, याच्या तीनच धावा.
कुणाला काही वाटलंही नसेल.

रॉयस्टनने एक षटक नुसतं अडवून काढलं,
शंभराची धास्ती त्यालाही होती.
पुढच्या षटकाचा पहिलाच चेंडू
ग्रिमंडने कव्हरकडे ढकलला आणि धावला.
धाव नव्हती तिथे. मास्तरांच्या हातची पेन्सिल पडली.
पोटावर घसरत तो पोचला.
चाळीस. चार आणि शून्य,
शून्यं आमच्याकडे भरपूर होती.
पुढच्या चेंडूवर चौकार, लोक मैदानात,
रॉयस्टन खांद्यांवर.
दुसऱ्या दिवशी पेपरात ग्रिमंडच्या नावातला ड गळाला होता
आणि "मोलाची साथ" असे दोन शब्द होते.

परवा नव्या पॅव्हिलियनला रॉयस्टनचं नाव दिलं.
मंत्री आले, ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला,
म्हातारा रॉयस्टन खरंच रडला.
मध्येच थांबून म्हणाला, "लेनॉक्स कुठाय?"
लोकांना वाटलं, बायकोचं नाव असेल, किंवा कुत्र्याचं.

भरती चार वाजता होती.
मी सायकल काढून कोकरवर गेलो.
तो साखळीला ग्रीस लावत होता.
मी म्हटलं, ती धाव, ती रॉयस्टनच्या शंभरासाठी काढलीत ना?
सगळे तसंच म्हणतात.
त्याने बोटं चिंधीला पुसली, एकेक.
"त्याला कसली घाई? तो करणारच होता.
फळ्याखालून तुझे पाय दिसत होते रे,
शिडी चढायचे, उतरायचे, परत चढायचे.
माझ्या लक्षात आलं, पोराकडे नऊ संपलेत."

मग त्याने साखळी सोडली.
दरवाजा गाळात बसला, थोडा कुरकुरला,
आणि समुद्र पलीकडे उभा राहिला,
आमच्या डोक्याहून उंच.